मोबाइल ॲपची रचना : आरंभ कोठून करावा?

मोबाइल ॲप तयार करू इच्छिणारा विद्यार्थी प्रथम विचारतो तो प्रश्न भाषेचा : कोटलिन शिकावी की स्विफ्ट? याचे उत्तर पुष्कळदा खिशावरूनच ठरते. आयफोनसाठी लिहावयाचे तर ॲपलचा संगणक लागतो आणि ॲप स्टोअरवर ॲप ठेवण्यासाठी ९९ डॉलर वार्षिक शुल्क पडते. अँड्रॉइड स्टुडिओ हे साधन विंडोज वा लिनक्स संगणकावरही विनामूल्य चालते. प्ले स्टोअरचे २५ डॉलर एकदाच भरावयाचे असतात, आणि स्वतःच्या फोनवर ॲप चालवून पाहण्यास तेही लागत नाहीत. कोटलिनला गूगलने २०१७ साली अँड्रॉइडसाठी मान्यता दिली व २०१९ पासून अग्रस्थान दिले. आरंभ तेथूनच करावा, असे आमचे मत आहे.

खरी अडचण भाषेची नव्हेच. संगणकावर प्रोग्रॅम लिहून आलेल्याची अशी समजूत असते की, आपला प्रोग्रॅम आपण सुरू करतो व आपणच थांबवितो. फोनवर घरमालक कार्यप्रणाली असून ॲप हा केवळ भाडेकरू होय. बोलींचे सर्वेक्षण करणारा संशोधक एखाद्या वृद्ध निवेदकाकडून शब्द टिपून घेत आहे, अशी कल्पना करावी. मध्येच फोन येतो, मग एखादे छायाचित्र घ्यावयाचे असते. स्मृती अपुरी पडू लागताच कार्यप्रणाली मागे पडलेले ॲप मुकाट्याने बंद करते. संशोधक परततो तेव्हा केवळ स्मृतीत ठेवलेले शब्द नाहीसे झालेले असतात. ते शब्द तो निवेदक पुन्हा तसेच सांगेल, याचा भरवसा कोणी द्यावा? इतकेच काय, फोन नुसता आडवा केला तरी पडदा सामान्यतः मोडून नव्याने उभारला जातो.

यावर उपाय आहेत. मात्र त्यांची शक्ती सारखी नाही. व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवलेली माहिती पडदा फिरविल्यास टिकते, परंतु ॲपच बंद पडल्यास टिकत नाही. पडद्याची जतन केलेली स्थिती त्याही प्रसंगी परत मिळते. पण कितवा शब्द चालू होता, एवढ्या अल्प खुणेपुरतीच ती वापरावी. प्रत्यक्ष नोंद फोनमधील एसक्यूलाइट कोशातच गेली पाहिजे. रूम या ग्रंथालयामुळे हे काम सुकर होते. नोंद शब्दागणिक व्हावी. शेवटच्या बटणाची वाट पाहू नये. इंटरनेटचीही पाहू नये : आधी फोनवर लिहावे, जाळे मिळेल तेव्हा पाठवावे.

ध्वनिमुद्रण हवे असल्यास अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, मायक्रोफोनची परवानगी ॲप चालू असताना मागावी लागते. ती नाकारली गेली तरी लेखी नोंदीचे काम अडता कामा नये. मराठी लेखकाने आणखी एक ध्यानी ठेवावे : ‘क्षि’ हे आपणांस एक अक्षर, पण यंत्राच्या लेखी चार चिन्हे. अक्षरमर्यादा घालताना हे विसरल्यास शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो.

पहिला अभ्यास म्हणून एक रकाना, एक यादी व एक कोष्टक एवढेच ॲप पुरे. फोनच्या विकसक-पर्यायांत पडदा सोडताच तो नष्ट करण्याची सोय असते; ती चालू करावी. पाच शब्द लिहून फोन आडवा करावा, दुसरे ॲप उघडून परत यावे, शेवटी फोनच बंद करून सुरू करावा. पाचही शब्द जागेवर असतील, तर मग रंग आणि चिन्हे यांकडे वळण्यास हरकत नाही.