नवी आवृत्ती, जुना ग्राहक आणि कायदा

सॉफ्टवेअरच्या खरेदीत ग्राहकाला मालकी नव्हे, तर परवाना, म्हणजे ठरावीक अटींवर वापर करण्याची अनुमती मिळते. हा परवाना कायमस्वरूपी असला तरी नव्या आवृत्तीसाठी अनेकदा वेगळे शुल्क भरावे लागते आणि त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिट ट्रेल’, म्हणजे प्रत्येक फेरबदलाची तारखेसह राहणारी आणि बंद न करता येणारी नोंद, बंधनकारक झाली; त्यामुळे ज्यांच्या जुन्या आवृत्तीत ही सोय नव्हती, त्या लखनौच्या असोत वा पुण्याच्या, कंपन्यांसाठी हा खर्च ऐच्छिक राहिला नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार विक्रेता बेंगळुरूचा असला तरी लखनौच्या रहिवाशाला लखनौच्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तक्रार-शुल्क नाही. ‘अनुचित करार’, म्हणजे ग्राहकाच्या हक्कांत त्याला हानिकारक असा लक्षणीय बदल घडवणारा करार, हा विषय मात्र थेट लखनौमधील राज्य आयोगापुढे जातो. व्यावसायिक हेतूने खरेदी करणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारा त्याला अपवाद आहे. म्हणून खरेदीपूर्वीच परवान्यातील नूतनीकरणाची अट वाचावी, बिल जपावे आणि तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंदवावी.