आजाऱ्यासाठी कोंबडीची कांजी

घरात कोणी तापाने अंथरूण धरले की माउलीला प्रथम पेज आठवते. तीच पेज कोंबडीच्या रश्शात शिजविली की पोर्तुगीज घरांतील ‘कांजा’ होते. हा शब्द भारतातूनच तिकडे गेला. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी रोग्यास देण्याच्या, मिरी व जिरे घातलेल्या तांदळाच्या पाण्याचा याच नावाने उल्लेख केला आहे.

पाव किलो हाडासकट कोंबडी, कांदा, आल्याचा तुकडा, चार मिरी व मीठ दीड लिटर पाण्यात मंदाग्नीवर पाऊण तास शिजवावे. रस्सा गाळून त्यात अर्धी वाटी धुतलेले तांदूळ शिते फुटेपर्यंत शिजवावेत. मांस सोडवून बारीक करावे. हाडाची कपचीही राहू देऊ नये. ते कांजीत घालून एक कढ आणावा व वर लिंबू पिळावे. शिळी कांजी आजाऱ्यास देऊ नये.

भूक मेलेल्या माणसापुढे भरलेला वाडगा ठेवून निघून जाऊ नये. उशाशी बसून चमचा-चमचा भरवावी. कांजी शिजायला दीड तास पुरतो. भरवायला मात्र त्याहून अधिक धीर लागतो, आणि आजाऱ्याला खरा आधार त्याचाच वाटतो.