सुट्या डिस्कांची मोट

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक हिशोब मांडला: एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांची मोट बांधायची आणि एखादी गेली तरी माहिती वाचेल एवढी जादा नोंद ठेवायची. या मांडणीचं नाव रेड (RAID). पुढे लिनक्सच्या कर्नेलमध्येच ही सोय आली आणि खास रेड-कार्डाचा खर्च वाचला. सुरुवातीची रेडटूल्स ही साधनं मात्र रेडटॅब नावाच्या फाइलीवर विसंबून होती. तिच्यात डिस्कांचा क्रम चुकला की पंचाईत. २००१मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नील ब्राउन यांनी एमडीएडीएम हे साधन लिहिलं. कुठली डिस्क कुठल्या संचातली, हे ते डिस्कवरच्याच सुपरब्लॉक या नोंदीतून वाचतं.

तरीही संच कोसळत राहिले, आणि गंमत म्हणजे बरेचदा डिस्क मेलेली नसताना. घरगुती वापराच्या डिस्क खराब सेक्टर वाचायला दोन-दोन मिनिटं झटतात. कर्नेल मात्र तीस सेकंदांतच कंटाळतो, डिस्क रीसेट करतो, आणि धडधाकट डिस्क संचाबाहेर जाते. एकच डिस्क गेलेली झेपणाऱ्या रेड-५मध्ये अशी दुसरी गेली की सगळं बंद. सर्व्हरच्या डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानून चूक कळवतात. मग पॅरिटीवरून, म्हणजे त्या जादा नोंदीवरून, तो सेक्टर पुन्हा लिहिता येतो. बाकी डिस्कांसाठी कर्नेलची मुदत तीन मिनिटांवर नेली तरी भागतं. एवढ्या साध्या गोष्टीपायी किती संच गेले असतील!

उरलेले घाईनं गेले. एमडीएडीएमला संच जुळवणं (‘असेंबल’) जमलं नाही की लोक तो नव्यानं बनवण्याची (‘क्रिएट’) आज्ञा देत. पण एमडीएडीएमच्या नव्या आवृत्तीत माहिती सुरू होण्याची जागाच बदललेली असे. जुना सुपरब्लॉक पुसला जाई आणि फाइलसिस्टिम सापडत नसे. आता जाणकार आधी डीडीरेस्क्यू या साधनानं डिस्कची प्रत काढतात, वर ओव्हरलेचा तात्पुरता थर लावतात, म्हणजे प्रयोगातलं लिखाण मूळ डिस्कवर जातच नाही.

डेबियन या लिनक्सवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अख्खा संच आपोआप वाचून तपासला जातो. सर्व्हर संथ झाला म्हणून अनेकजण ते बंद करतात. मग वर्षानुवर्षं न वाचलेले खराब सेक्टर नेमके रीबिल्डच्या, म्हणजे बदललेली डिस्क पुन्हा भरण्याच्या, वेळी पुढ्यात येतात.

२०२०मध्ये निराळाच घोळ उघड झाला. वेस्टर्न डिजिटलच्या, नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ‘रेड’ (लाल या अर्थी) डिस्क एसएमआर, म्हणजे एकमेकांवर चढलेल्या ट्रॅकच्या, पद्धतीच्या निघाल्या. बराच वेळ सतत जड लिखाण आलं की त्या मंदावतात, आणि रीबिल्ड म्हणजे तेच. ओरड झाल्यावर कंपनीनं जुन्या पद्धतीच्या डिस्क ‘रेड प्लस’ नावानं वेगळ्या काढल्या.