कुंडलिकेचे उन्हाळी पाणी कुठून येते?

मे महिन्यात कोलाडला राफ्टिंगसाठी आलेल्या माणसाला कुंडलिकेचे गार, खळाळते पाणी पाहून एक खात्री हमखास होते: ही नदी देवकुंड धबधब्यावर आणि सह्याद्रीच्या पोटातल्या झऱ्यांवर बारमाही वाहते. हिमनद्यांवर पोसलेल्या हिमालयातल्या ओढ्यांना उन्हाळ्यातच भर येतो, तसेच इथेही असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण सह्याद्रीवर साठून राहणारा बर्फ नाही; त्याचे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरचे. इथल्या धबधब्यांचा मालक एकच, जून ते सप्टेंबरचा पाऊस. देवकुंडही त्याला अपवाद नाही. झरे आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत, पण इथला काळा कातळ पाणी धरतो तो मुख्यतः भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या मऊ पट्ट्यांत. तो साठा बेताचा असतो, पावसाळा संपला की झिरपत झिरपत आटतो. त्यावर पाड्यावरचा हंडा भरेल, होड्या उडवणारी नदी वाहणार नाही.

मग ते पाणी येते कुठून? भिऱ्याच्या वीजघरातून. टाटांचे हे केंद्र १९२७ साली सुरू झाले. घाटमाथ्यापलीकडे मुळा नदीवरच्या मुळशी धरणात साठलेले पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येते, जनित्रे फिरवते आणि कुंडलिकेत सोडले जाते. मार्च २०१७ मध्ये याच भिऱ्यात ४६.५ अंश तापमान नोंदले गेले. अशा उन्हात दुथडी वाहणारी नदी निसर्गाची असणे कठीणच! सर्वांत बोलका पुरावा वेळेचा आहे. बर्फावरचा ओढा दुपारच्या उन्हाने चढतो. कुंडलिका चढते ती जनित्रे चालतात तेव्हा, आणि राफ्टिंगवाले आपले वेळापत्रक त्या विसर्गावरच बेततात.

शेवटी तेही पावसाचेच पाणी, हा आक्षेप खरा आहे. पण तो पाऊस पडला दुसऱ्या उतारावर. मुळशी नसते तर तो मुळा, भीमा, कृष्णा असा बंगालच्या उपसागराला मिळाला असता; आज तो रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत उतरतो. या वळणाची किंमत मावळातल्या बुडीत गावांनी मोजली. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह (१९२१–२४) त्यासाठीच होता. आता हे पाणी पूर्वेला भीमा खोऱ्यात परत द्यावे, ही मागणीही जुनीच झाली आहे. ती मान्य झाली, तर डोलवहाळच्या बंधाऱ्यावर विसंबलेली उन्हाळी शेती, रोह्याचे कारखाने आणि कोलाडच्या होड्या यांना देवकुंड तारू शकणार नाही.