रेणू सापडला, पण पोहोचवायचा कसा?

कर्करोगावरची दोन मोठी औषधं ज्यांनी झाडांच्या सालींतून आणि लाकडातून पहिल्यांदा वेगळी काढली, त्या दोघांपैकी एक नंदुरबारचा होता. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. केली आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. २०२० साली त्यांचं निधन झालं. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव नाही आणि खानदेशातही ते फारसं कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पण हा लेख त्यांच्या गौरवासाठी नाही. त्यांनी वेगळ्या काढलेल्या दोन रेणूंचं पुढे काय झालं, ते नीट पाहिलं की आज औषधांच्या दुकानात ‘नॅनो’ म्हणून जे विकलं जातं त्याकडे कसं बघायचं हे कळतं.

१९६०च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने देशोदेशीच्या वनस्पती गोळा करून तपासायला सुरुवात केली. ऑगस्ट १९६२मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाचे नमुने आणले. लाकूडतोडीच्या हिशेबात हे झाड बिनकामाचं. त्याच्या सालीचा अर्क कर्करोगाच्या पेशी मारतो असं दिसल्यावर साल वॉल आणि वाणींकडे आली. सुमारे बारा किलो वाळलेल्या सालीतून त्यांच्या हाती जेमतेम अर्धा ग्रॅम पदार्थ लागला. त्याला टॅक्सॉल हे नाव मिळालं आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. औषध म्हणून आज त्याला पॅक्लिटॅक्सेल म्हणतात. तो काम कसा करतो हे न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ साली दाखवलं. पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की तो मोडतो. टॅक्सॉल हा सांगाडा मोडूच देत नाही. पेशी अर्ध्या वाटेत अडकते आणि मरते.

इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते आणि ती सांगायलाही सोपी आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. टॅक्सॉल पाण्यात विरघळत नाही आणि रक्त बहुतांशी पाणीच. शिरेतून द्यायचं तर ते कशात तरी विरघळवायलाच हवं. त्यासाठी एरंडेल तेलावर प्रक्रिया करून बनवलेलं क्रेमोफोर नावाचं द्रावण आणि अल्कोहोल वापरलं गेलं. १९८०च्या दशकात रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या आणि काहींना सलाईन लावताच धाप लागू लागली, अंगावर गांधी उठू लागल्या, रक्तदाब कोसळू लागला. चाचण्या बंद पडायच्या बेतात आल्या. यातला मोठा दोष औषधाचा नव्हता, ज्या तेलातून ते दिलं जात होतं त्या तेलाचा होता.

उपाय निघाला तो किचकट. आधी स्टेरॉइड आणि अॅलर्जीची औषधं द्यायची, मग टॅक्सॉल तासन्‌तास सावकाश सोडायचं. शिवाय हे तेल प्लॅस्टिकच्या पिशवीतलं रसायन ओढून घेतं, म्हणून काचेची बाटली आणि वेगळी नळी. एवढं सगळं सांभाळून अंडाशयाच्या कर्करोगावर गुण दिसला आणि १९९२च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. साल सापडल्यापासून तीस वर्षांनी. ज्या घरात कुणाची केमो झाली आहे, त्या घराला ते सुरुवातीचं ‘आधीचं इंजेक्शन’ आठवत असेल. त्याची गरज मुख्यतः त्या तेलापायी पडते.

नॅनोतंत्राचा प्रवेश इथे होतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा एक केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. आपल्या रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं आणि पाण्यात न विरघळणारे पदार्थ वाहून नेणं हे त्याचं रोजचं काम. संशोधकांनी पॅक्लिटॅक्सेल आणि मानवी अल्ब्युमिन यांचं मिश्रण प्रचंड दाबाखाली बारीक छिद्रांतून ढकललं आणि सुमारे १३० नॅनोमीटरचे कण तयार केले. एरंडेल गेलं, अल्कोहोल गेलं. नॅब-पॅक्लिटॅक्सेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रूपाला जानेवारी २००५मध्ये परवानगी मिळाली.

ज्या चाचणीवर ती मिळाली तिचे आकडे मुद्दाम देतो. स्तनाचा पसरलेला कर्करोग असलेल्या साडेचारशेच्या वर स्त्रिया. जुन्या रूपाने १९ टक्के रुग्णांची गाठ लक्षणीय आकसली, नव्या रूपाने ३३ टक्के. सलाईन तीन तासांऐवजी अर्ध्या तासात संपलं आणि आधीच्या स्टेरॉइडची गरज उरली नाही. मात्र नव्या रूपाने डोस जवळजवळ दीडपट देता आला आणि त्याची किंमतही मोजावी लागली. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना पाय नीट न टेकणं असा तीव्र त्रास जुन्या रूपात २ टक्क्यांना झाला होता, नव्यात तो १० टक्क्यांवर गेला. पुढे स्वादुपिंडाच्या कर्करोगात ८६१ रुग्णांच्या चाचणीत जेमसिटाबाइन या औषधाला नॅब-पॅक्लिटॅक्सेलची जोड दिल्यावर आयुष्याचा मध्यांक ६.७ महिन्यांवरून ८.५ महिन्यांवर आला. या आजारात एवढी वाढही खूप मानली जाते. आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ८०० रुग्णांच्या एका चाचणीत, स्तनाच्या कर्करोगासाठी आठवड्याला एकदा दिलं जाणारं जुनं, स्वस्त पॅक्लिटॅक्सेल या नव्या रूपाहून कमी ठरलं नाही. उलट त्रास नव्यातच जास्त झाला. म्हणून डॉक्टरांनी जुनंच औषध लिहून दिलं तर आपल्या माणसाच्या उपचारात काटकसर झाली असं नातेवाईकांनी मनात धरू नये.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. हे १३० नॅनोमीटरचे कण रक्तात गेल्यावर फार काळ अखंड राहत नाहीत, लवकर सुटे होतात. म्हणजे कणाने गाठीचा पत्ता शोधून काढला वगैरे जे रंगवून सांगितलं जातं त्यापेक्षा मोठा फायदा साधा होता : एक त्रासदायक तेल हटलं. टोरांटो विद्यापीठातल्या गटाने २०१६ साली दहा वर्षांचं संशोधन एकत्र मांडलं. त्यात बहुतेक प्रयोग उंदरांवरचे होते आणि शिरेतून सोडलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचलेल्यांचा मध्यांक होता फक्त ०.७ टक्के. बाकीचे यकृत, प्लीहा वगैरे अवयवांनी अडवले. ‘नेम धरून मारा करणारं औषध’ असं कुठे वाचलं की हा आकडा आठवावा.

वॉल आणि वाणींचा दुसरा रेणू टॅक्सॉलच्याही आधीचा. चीनमधल्या एका झाडातून त्यांनी १९६६ साली कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं. तेही पाण्यात विरघळेना. मग त्याचा सोडियम क्षार बनवून रुग्णांना दिला. तो छान विरघळला, पण त्या रूपात रेणूतलं एक कडं उघडतं आणि त्याची ताकद जाते. लघवी आम्लधर्मी असते, तिथे पोहोचल्यावर ते कडं पुन्हा मिटतं आणि ताकद परत येते. त्यामुळे औषध गाठीवर फारसं चाललं नाही आणि मूत्राशयातून मात्र रक्त येऊ लागलं. सत्तरच्या दशकात या चाचण्या सोडून द्याव्या लागल्या. पुढे रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं आली, त्यांना अमेरिकेत १९९६ साली परवानगी मिळाली. इरिनोटेकॅनच्या मागे जपानची याकुल्ट कंपनी आहे, तीच जिच्या छोट्या बाटल्या आपल्या दुकानांतल्या फ्रीजमध्ये दिसतात. २०१५ साली हेच इरिनोटेकॅन स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये भरून स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी आलं. पिशवीच्या आत रेणूचं कडं मिटलेलं राहतं. जोडीच्या औषधासोबत दिल्यावर आयुष्याचा मध्यांक ४.२ महिन्यांवरून ६.१ झाला.

कॅम्प्टोथेसिनचा आपल्या सह्याद्रीशी थेट संबंध आहे. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवलं की पश्चिम घाटातल्या एका दुर्गंधी झाडात हा रेणू भरपूर आहे. ते झाड म्हणजे आपला नरक्या. ज्याच्याकडे पूर्वी कुणी ढुंकून पाहत नव्हतं त्याला या शोधानंतर भाव आला आणि झाडं बुंध्यापासून तोडली जाऊ लागली. कोल्हापूर, सिंधुदुर्गच्या जंगलपट्ट्यात चोरटा नरक्या पकडल्याच्या बातम्या अजून येतात. तोडणाऱ्याच्या हाती किलोमागे थोडे रुपये पडतात आणि मोठा पैसा पुढच्या साखळीत जातो. यूच्या बाबतीत हाच प्रश्न आला होता, कारण साल काढली की झाड मरतं. तिथे उत्तर सापडलं : युरोपातल्या यूच्या पानांतून जवळचा रेणू काढायचा आणि प्रयोगशाळेत त्याचा टॅक्सॉल करायचा. पानं पुन्हा येतात. नरक्याच्या सालीत राहणाऱ्या एका बुरशीतही कॅम्प्टोथेसिन मिळतं, असं जम्मूच्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं आहे. अशा बुरशा प्रयोगशाळेत वाढवल्या की हा गुण हळूहळू हरवतात. हा प्रश्न सुटावा म्हणून आपल्या विद्यापीठांनी जीव तोडून काम करायला हवं, असं मला वाटतं. जंगलातल्या नरक्याला थांबायला वेळ नाही.

आता सुरुवातीला म्हटलेल्या दुकानातल्या ‘नॅनो’कडे येऊ, म्हणजे हळदीकडे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला त्याआधी. १९९७ साली अमेरिकेतलं हळदीचं पेटंट डॉ. माशेलकरांच्या पुढाकाराने रद्द झालं, तो दिवस अभिमानाचाच. पण त्या लढाईत सिद्ध झालं ते एवढंच की जखमेवर हळद लावायचं ज्ञान आपल्याकडे जुनं आहे. हळदीने मधुमेह किंवा स्मृतिभ्रंश बरा होतो, हे त्या निकालात कुठेही नाही. तरी त्याचा दाखला तसा दिला जातो.

हळदीत साधारण ३ ते ५ टक्के कुर्कुमिन असतं. त्याची अडचण टॅक्सॉलपेक्षा बिकट आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून थोडंच शोषलं जातं, जेवढं शोषलं जातं त्याचं रूप आतडं आणि यकृत लगेच बदलून टाकतात, आणि साध्या, आम्ल नसलेल्या द्रावणातसुद्धा ते अर्ध्या तासात बहुतांशी मोडतं. बारा ग्रॅमपर्यंत डोस देऊनही बहुतेकांच्या रक्तात ते नाममात्र सापडलं. भर म्हणजे प्रयोगशाळेतल्या तपासण्यांना ते फसवतं. ते स्वतः चमकतं, धातूंना चिकटतं, पेशींच्या पडद्यात गडबड करतं, त्यामुळे गुण नसतानाही गुण दिसतो. २०१७ साली मिनेसोटाच्या रसायनशास्त्रज्ञांनी १२०हून अधिक चाचण्यांचा धांडोळा घेतला. दोन्ही बाजूंना कोण काय घेतंय हे ठाऊक नसलेल्या चाचण्यांत कुर्कुमिनचं यश त्यांना सापडलं नाही.

नॅनो कुर्कुमिनचा उगम या अडचणीत आहे आणि प्रयत्न प्रामाणिक आहे. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की काळ्या मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर रक्तातलं कुर्कुमिन वीसपट वाढतं. पुढे बहुलकाच्या कणांत, लायपोसोममध्ये, अतिसूक्ष्म थेंबांत कुर्कुमिन बसवलं गेलं. काही निकाल उत्साह वाढवणारे आहेत. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांत हळदीचा साधा अर्क चार आठवड्यांत आयब्युप्रोफेनच्या तोडीस तोड ठरला आणि पोटाचा त्रास कमी झाला. लॉस एंजेलिसमध्ये बारीक कणांचं कुर्कुमिन दीड वर्ष घेतलेल्यांची स्मरणशक्ती थोडी सुधारली, मात्र त्या प्रयोगात सगळे मिळून ४० लोक होते. एवढ्यावर औषध ठरत नाही. मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात, आणि सांगलीच्या हळदीवर त्या आपल्या रुग्णालयांत झाल्या तर मला सर्वाधिक आनंद होईल.

पण एक विसरता येत नाही. आजीच्या हळद-दुधाला जो निरुपद्रवीपणाचा लौकिक मिळाला, त्यामागचं एक कारण म्हणजे त्यातलं कुर्कुमिन शरीरात फारसं शिरतच नव्हतं. वीसपट शिरणारं कुर्कुमिन ही नवी वस्तू आहे, तिला जुना लौकिक लावता येत नाही. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या जाळ्याने हळदीच्या गोळ्यांशी जोडलेले दहा रुग्ण २०२२ साली नोंदवले. पाच जणांना दाखल करावं लागलं, एक दगावला. तिघांच्या गोळ्यांत मिरीही होती. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण होती, म्हणजे धोका सर्वांना सारखा नाही, पण तो आपल्याला आहे का हे बाटलीवरून कळत नाही. २०१७ साली तिथे दोघांना शिरेतून कुर्कुमिन दिलं गेलं, एक मृत्यू झाला. त्या इंजेक्शनमध्येही कुर्कुमिन एरंडेलजन्य द्रावणातच मिसळलेलं होतं, आणि ते द्रावण औषधी दर्जाचं नव्हतं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात चौदा रुग्णांचा जीव घेणाऱ्या ग्लिसरॉलमध्ये हेच विष होतं.

पायपरिन कुर्कुमिनचा निचरा रोखतं, तसाच ते इतरही अनेक औषधांचा रोखू शकतं, आणि यकृत ज्या वाटेने पॅक्लिटॅक्सेल व इरिनोटेकॅन मोडतं त्यातही ते हात घालू शकतं. केमो चालू असताना, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना किंवा कावीळ होऊन गेलेली असताना घरात कुणी ‘नैसर्गिकच तर आहे’ म्हणून नॅनो हळदीची कॅप्सूल घेत असेल, तर पुढच्या तपासणीला ती बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. नुसतं ‘हळद घेतो’ असं सांगू नका, कारण डॉक्टर जेवणातली हळद समजतील. लेबलावर कुर्कुमिन किती मिलिग्रॅम, सोबत मिरीचा अर्क आहे का, आणि ते कशात मिसळलंय, हे तिन्ही त्यांना वाचू द्या. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता कॅप्सूल त्याच दिवशी बंद करा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या.