चाकातल्या हवेचा दिवा : खरा की खोटा?

निफाडकडे डिसेंबरात पहाटे कसा कडाका पडतो, ते तिकडच्या द्राक्षबागाईतदारांना सांगायला नको. अशाच थंडीत आमच्या पुतण्याने आपल्या मोटारसायकलीला एक नवे यंत्र बसवून घेतले. दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हवर टोपणासारखे दोन सेन्सर आणि हँडलवर घड्याळाएवढा पडदा. "काका, आता चाकात किती हवा आहे ते बसल्या जागी दिसतं," असे सांगत त्याने ते मोठ्या कौतुकाने दाखवले.

चार दिवसांत कौतुक ओसरले. पहाटे दुधाचे कॅन लावून तो निघाला की पडद्यावर तांबडा दिवा लागे आणि टीं-टीं आवाज सुरू होई. डेअरीपर्यंत पोचेतो दिवा आपोआप विझे. रोज हेच. शेवटी वैतागून त्याने पडद्यावर चिकटपट्टी लावून टाकली. "यंत्रच खोटं बोलतंय," म्हणाला.

पुढच्या आठवड्यात बायको-मुलाला घेऊन तो बाजाराला निघाला. वळणावर गाडीचे मागचे अंग डोलू लागले आणि गाडी रस्ता सोडून मातीत उतरली. नशीब, वेग कमी होता. सूनबाईंच्या कोपराला खरचटण्यावर निभावले. मागच्या टायरात खिळा होता. टायर ट्यूबलेस, खिळा आतच रुतून राहिलेला. त्यामुळे हवा एकदम न जाता दोन दिवस हळूहळू जात होती. चिकटपट्टी काढून पाहिली, तर खाली दिवा लुकलुकतच होता.

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण इथे गंमत वेगळी होती. पहाटेचा तो रोजचा इशारादेखील खोटा नव्हताच!

चूक कोणाची?

पुतण्या हवा भरीत असे दुपारी, गावात काम उरकल्यावर. तेव्हा ऊन आणि तापलेली सडक यांमुळे टायर चांगला गरम झालेला असे. त्यात त्याने २८ पौंड हवा भरली. हवा तापली की फुगते, निवली की आकसते. एवढ्या दाबाच्या टायरात सहा-सात अंश उतरले की साधारण १ पौंड दाब कमी होतो. दुपारचा ३५ अंशांचा टायर पहाटे ८ अंशांवर आला, तर २८ पौंडांचे सुमारे २४ होतात. यंत्राला खालची मर्यादा लावली होती २५. मग ते ओरडणार नाही तर काय करणार? गाडी चालू लागली की टायर पुन्हा गरम होई, दाब वाढे आणि दिवा विझे.

म्हणून पहिला नियम असा, की हवा गार टायरात मोजावी आणि गार टायरातच भरावी. गाडी निदान तीन तास उभी असलेली हवी; सकाळची वेळ उत्तम. पुष्कळशा शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना पुढे २५ आणि मागे २८ पौंडांच्या आसपास हवा लागते. मागे माणूस वा ओझे असेल, तर मागच्या चाकात ती आणखी वाढवावी लागते. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेला असतो. बऱ्याच गाड्यांवर त्याची चिठ्ठीही चिकटवलेली असते. दुपारी पडद्यावर दोन-तीन पौंड जास्त दिसले म्हणून हवा सोडू मात्र नये. नाहीतर दुसऱ्या पहाटे दिवा ठरलेलाच!

खरोखर बिघाड होतो तेव्हा

सेन्सर म्हणजे एक चिमुकला दाबमापक. तो आतल्या बटण सेलवर चालतो आणि बिनतारी संदेशाने पडद्याला आकडा कळवतो. सेल वाचावा म्हणून गाडी उभी असताना पुष्कळसे सेन्सर जणू झोपी जातात. त्यामुळे गाडी सुरू केल्याबरोबर जुना आकडा किंवा नुसत्या रेघा दिसल्या, तर घाबरू नये. थोडे अंतर गेल्यावर खरा आकडा येतो.

रेघा गेल्याच नाहीत, तर बहुधा सेल संपत आला आहे असे समजावे. टोपणासारख्या सेन्सरचा सेल वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो. रिमच्या आत बसवलेल्या सेन्सरचा सेल पाच-सात वर्षे किंवा त्याहूनही अधिक टिकतो, पण तो बहुधा आत बंदिस्त असतो. मग सेन्सरच बदलावा लागतो. जुना सेल थंडीत आधी माघार घेतो, हेही ध्यानात असावे.

दुसरी चूक बसवण्याची. पुढचा सेन्सर मागे आणि मागचा पुढे लागला, तर हवा एका चाकाची जाते आणि दिवा दुसऱ्या चाकाचा लागतो. म्हणून दिवा कोणत्याही चाकाचा लागो, दोन्ही चाके तपासावीत.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. टोपणाचा सेन्सर व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवतो. म्हणजे चाकातली हवा त्या सेन्सरच्या बारीकशा रबरी वॉशरने अडवलेली असते. वॉशर झिजला, सेन्सर तिरका बसला किंवा दगड लागून फुटला, तर ज्याने हवा राखायची त्याच्याच वाटेने ती निघून जाते. सेन्सर बसवला की त्यावर साबणाचे पाणी टाकून पाहावे. बुडबुडे आले, तर काढून पुन्हा नीट बसवावा. व्हॉल्व्हचे रबर जुने, तडकलेले असेल, तर त्यावर हे जादा वजन लादू नये. आधी व्हॉल्व्ह बदलून घ्यावा.

सेन्सर रिमच्या आत असेल, तर टायर खोलण्याआधी पंक्चरवाल्याला तसे सांगावे. नाहीतर टायर काढायच्या पहारीचा फटका त्यावर बसतो. पंक्चर बुजवण्यासाठी चाकात द्रव भरलेला असेल, तर त्यानेही सेन्सरचे छिद्र बुजून आकडा चुकतो.

दिवा लागला की काय करावे?

गाडी सावकाश बाजूला घ्यावी. कचकन ब्रेक दाबू नये. उतरून टायर डोळ्यांनी पाहावा, खिळा-काटा शोधावा. टायर बसलेला दिसला तर त्यावर गाडी दामटू नये. तो बरा दिसला, तर हवा मोजण्याचा साधा गेज लावून खरा दाब पाहावा. म्हणून गाडीच्या डब्यात स्वतःचा एक गेज असावाच. गेज आणि पडदा जुळले, तर यंत्र खरे. हवा का गेली ते शोधावे. गेजने दाब बरोबर दाखवला आणि पडदा ओरडतच राहिला, तरच यंत्राला दोष द्यावा. तो दुरुस्त होईपर्यंत दर आठवड्याला गेजने हवा मोजत जावी. यंत्र गप्प आहे म्हणून निर्धास्त राहणेही बरे नव्हे. मेलेला सेन्सर गप्पच असतो.

माउलींसाठी एक गोष्ट

सेन्सरमधून काढलेला बटण सेल खिडकीत, देवळीत ठेवू नका. चकचकीत दिसतो म्हणून लहान मूल तो तोंडात घालते. तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. मुलाने तो गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवीत बसू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

आमच्या पुतण्याने पडद्यावरची चिकटपट्टी काढली ती आता अशा सेलांवर लावण्यासाठी ठेवली आहे. पहाटे धार काढून झाली की तो गोठ्याच्या दिव्याखाली गेज लावून दोन्ही चाके पाहतो. दोन मिनिटांचे काम. परवा सूनबाई मागे बसताना म्हणाल्या, "अहो, हवा बघितली ना?"

तो म्हणाला, "बघितली. बस."