पूर्ण एक मिनिट

कुठल्याही दवाखान्यात गेले की कॉटच्या पायथ्याशी अडकवलेला टीपीआरचा, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदींचा, कागद मी वाचतेच. ताप प्रत्येकाचा वेगळा, नाडी वेगळी. श्वासाच्या रकान्यात मात्र ओळीने 20, 20, 20. दमेकरी आजोबा आणि हर्नियाचं ऑपरेशन झालेला तरणा पोरगा, दोघांचाही श्वास मिनिटाला 20 कसा असेल? तो मोजलेलाच नसतो. रुग्णसेवेतली ही सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच, असं माझं ठाम मत आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. जर्मनीतल्या वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांचा ताप नोंदवून 1868 मध्ये पुस्तक लिहिलं आणि 37 अंश सेल्सिअस हा आकडा रूढ झाला. मोठ्या माणसाची नाडी 60 ते 100, श्वास 12 ते 20. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, पाठ-कंबर-टाचा रोज पाहायच्या, आणि रुग्णाला हात लावण्याआधी व नंतर हात धुवायचे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात हे सगळं शिकवतात आणि ते लक्षातही राहतं.

श्वासाचं तसं होत नाही. त्याला यंत्र नाही, घड्याळ आणि डोळे लागतात. शिवाय 'तुमचा श्वास मोजते हं' असं म्हटलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. म्हणून जुन्या सिस्टर नाडी मोजून झाली तरी मनगट सोडत नाहीत. बोटं नाडीवर, नजर छातीवर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं मला पसंत नाही; एक श्वास चुकला की चारची चूक होते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये रुग्ण बिघडतोय हे वेळेत ओळखण्यासाठी गुणांची पद्धत आणली. तिच्यात श्वास 25 किंवा त्याहून जास्त झाला की त्या एकाच मोजणीला 3 गुण, म्हणजे कमाल. ऑक्सिमीटरवरचा आकडा चांगला दिसत असताना श्वास आधीच वाढलेला असू शकतो, कारण शरीर जास्त श्वास घेऊनच तो आकडा टिकवून धरतं.

जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात हिवाळ्याच्या दिवसांत मी गेले होते. महिन्याभराचं बाळ, आईच्या चेहऱ्यावर काळजी. सिस्टरनी पहिल्यांदा मोजलं तर 64. त्यांनी घाई केली नाही. बाळ नुकतंच रडून थांबलं होतं. आईला पाजायला सांगितलं, बाळ शांत झाल्यावर झबलं छातीपर्यंत वर केलं, आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ बाळाच्या पोटाजवळ धरलं, म्हणजे दोन्ही एका नजरेत येतात. या वेळी 52. बरगड्यांखाली खळगा पडत नव्हता, अंगावर नीट पीत होतं. तान्ह्या बाळाचा श्वास लागोपाठ भराभर चालतो, मधेच काही क्षण थबकतो. म्हणून तिथे पूर्ण मिनिटाला पर्याय नाही, आणि 60 किंवा जास्त आला तर पुन्हा मोजायचाच.

आकडे सोपे आहेत. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त. खोकला असलेल्या मुलाचा श्वास इतका वाढला तर न्यूमोनिया धरायचा. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच राज्यात शोधलं गेलं, आणि त्याबद्दल बोलायला मला जागा कधीच पुरत नाही. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी एकत्र आणले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी सरकले तर श्वास वाढलेला आहे. निरक्षर बाईच्या हाती निदान देणारी इतकी सुटसुटीत वस्तू मला दुसरी माहीत नाही. गावातल्याच लोकांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिल्याने बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. नवजात बाळांच्या घरच्या काळजीवरचा दुसरा अभ्यास 1999 मध्ये. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ पाहतात, त्याचं मूळ त्या कामात आहे.

जालन्यात मात्र एक अडचण येते. दिवाळी सरली की अंबड, घनसावंगी, मंठा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि लेकरं सोबत जातात. आशाताई गावातच राहते. फडाशेजारची खोपी, पहाटेची थंडी, चुलीचा धूर, आणि खोकणारं लेकरू. म्हणून टोळी हलायच्या आधी आशाताईंनी आईला मोजणी शिकवावी, असं मी भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगते. मोबाइलमध्ये एक मिनिट लावायचं, पोट वर आलं की एक. आकडा जमला नाही तर दर दहा श्वासांना एक खडा बाजूला ठेवायचा. छाती आत ओढली जात असेल, लेकरू पीत नसेल, झटके आले किंवा ते उठवूनही उठत नसेल, तर मोजत बसायचंच नाही. 108 ला फोन करून फड कोणत्या गावाच्या शिवारात आहे, कोणत्या कारखान्याचा आहे आणि लेकराचं वय काय, एवढं लगेच सांगायचं.